वारंवारता कोण ठरवतो?

साधन तटस्थ असते, चांगले-वाईट ठरते ते वापरणाऱ्याच्या हातात. हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की विज्ञानातल्या नीतीची चर्चा त्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही, एवढे म्हटले की सुरी घडवणारा मोकळा. हे वाक्य मला पुरते खोटे वाटत नाही. पण ते फार लवकर उच्चारले जाते, आणि ते कुठपर्यंत खरे व कुठून पुढे खोटे, हे तपासायचे कष्ट कोणी घेत नाही. नुसत्या तर्काने ते तपासताही येत नाही. एखादी वस्तू घडताना जवळून पाहावी लागते. अशी एक वस्तू नांदेड-लातूरच्या मुलखात हाताशी आहे. रेडिओलहरी शोषून घेणारे फेराइट, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडात कोबाल्ट, निकेल, जस्त, बेरियम असे धातू मिसळून भट्टीत भाजलेले सिरॅमिक. या वस्तूच्या बाबतीत तटस्थपणा नेमक्या कोणत्या पायरीवर सुटतो ते दाखवता येते, आणि म्हणून धर्माने विचारलेला जुना प्रश्न, करणाऱ्याची जबाबदारी कुठपर्यंत, तिच्यापाशी नव्याने विचारता येतो.

नांदेडजवळ विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली उभे राहिले. या विद्यापीठाच्या कक्षेतल्या नांदेड, लातूर, उदगीरकडच्या महाविद्यालयांत, आणि त्याआधीपासून छत्रपती संभाजीनगरला, भौतिकशास्त्राच्या संशोधनात फेराइटने घर केले आहे. कारण सरळ आहे. सुरुवातीला महागडे यंत्र लागत नाही. लागते ते तोलून-मापून काम करणारा हात आणि चिकाटी. धातूंची नायट्रेटे ठरल्या प्रमाणात पाण्यात विरघळवायची, त्यात सायट्रिक आम्ल घालायचे, अमोनियाचे थेंब सोडत द्रावणाचा सामू ७ वर आणायचा आणि तापत्या थाळीवर चुंबकी कांडीने ढवळत ते आटवत न्यायचे. काही तासांनी द्रावण दाटते, चिकट होते, फुगते, आणि एका कडेला ठिणगी धरते. लाल रेघ आतून सरकत जाते आणि पाहता पाहता काळपट तपकिरी, भुसभुशीत राख बीकरच्या तोंडाशी येते. ती अगेटच्या खलात घोटायची आणि मफल भट्टीत ८०० ते १००० अंश सेल्सिअसला काही तास भाजायची. क्ष-किरणांनी तपासले की कळते, फेराइटची स्पिनेल नावाची स्फटिकरचना नीट जमली आहे की मध्ये परकी अवस्था शिरली आहे. इथपर्यंत या भुकटीला कोणताही हेतू नाही. तिच्यापासून रोहित्राचा गाभा होईल, रेडिओच्या अँटेनाची कांडी होईल, वायू ओळखणारा संवेदक होईल. तटस्थतेचे ते वाक्य या पायरीवर शंभर टक्के खरे आहे.

पुढच्या पायरीवर काय होते ते पाहावे. भुकटी पॅराफिनच्या मेणात कालवतात, तिचा २२.८६ मिलिमीटर लांब आणि १०.१६ मिलिमीटर रुंद असा चौकोनी तुकडा पाडतात आणि तो पितळी वेव्हगाइडमध्ये, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळीत, घट्ट बसवतात. कडेला केसाएवढी फट राहिली तरी मोजमाप फसते. मग लहरी सोडून, त्या किती परत आल्या आणि किती पार गेल्या हे मोजून, पदार्थाचे विद्युत व चुंबकीय गुणांक काढतात आणि ते एका सूत्रात घालतात. सूत्रातून एक आलेख मिळतो. आलेखात एका जागी खोल दरी दिसते. उणे १० डेसिबलपर्यंत दरी गेली तर आलेल्या शक्तीतला नव्वद टक्के भाग परत फिरला नाही, उणे २० पर्यंत गेली तर नव्याण्णव टक्के. न फिरलेली शक्ती नाहीशी होत नाही, पदार्थात जिरून तिची उष्णता होते. आता त्या सूत्राकडे नीट पाहिले पाहिजे. ते असे धरून चालते की फेराइटच्या थराच्या मागे धातूचा सलग पत्रा आहे. हा पत्रा प्रयोगशाळेत नसतो. तुकडा तर वेव्हगाइडमध्ये एकटाच बसलेला असतो. गणित करताना मात्र तो प्रत्येक वेळी मागे उभा केला जातो. हा पत्रा कशाचा, हे बहुतेक प्रबंध विचारत नाहीत. चाचणीच्या खोलीची पोलादी भिंत असू शकते, जहाजाचा सांगाडा असू शकतो, विमानाचा पंख असू शकतो.

कशाचा, हे ओळखण्याच्या खुणा मात्र संशोधकाने स्वतःच नोंदवलेल्या असतात. पहिली खूण वारंवारतेची. ३० मेगाहर्ट्झपासून १ गिगाहर्ट्झपर्यंत शोषणारा पदार्थ हवा असेल तर बहुधा डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचणीची खोली असते. नवी मुंबईत खारघरला समीर या संस्थेत अशा चाचण्या होतात. एखादे उपकरण आजूबाजूला किती विद्युत्चुंबकीय गोंगाट सोडते हे मोजायचे, तर खोलीच्या भिंतींनी तो गोंगाट परत फेकता कामा नये. ३० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी १० मीटर असते, तरीही जेमतेम ६ मिलिमीटर जाडीची फेराइटची फरशी ती जिरवते. भौतिकशास्त्राच्या नवलांपैकी हे एक. २.४५ गिगाहर्ट्झ म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन आणि वायफाय. ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास मोटारींचे रडार. आणि ८ ते १२ गिगाहर्ट्झ, ज्याला एक्स-बँड म्हणतात, त्यात मोठा वाटा लढाऊ विमानांच्या आणि क्षेपणास्त्रांना दिशा देणाऱ्या रडारचा. पण वारंवारता एकटी पुरत नाही हे मान्य केले पाहिजे. व्यापारी जहाजेही धुक्यात वाट काढायला ९ गिगाहर्ट्झच्या आसपासचेच रडार वापरतात, आणि जपानमध्ये मोठ्या पुलांवरून उठणारे खोटे प्रतिध्वनी थांबवायला असे शोषक बसवले गेले. म्हणून दुसरी खूण पाहावी लागते, आणि ती मला अधिक बोलकी वाटते. या क्षेत्रातल्या लेखांत आदर्श शोषकाची चार विशेषणे पाठ असल्यासारखी येतात: पातळ, हलका, रुंद पट्ट्यावर चालणारा आणि जोरकस. पुलाला हलकेपणाची गरज नसते. चाचणीच्या खोलीच्या भिंतीलाही नसते. दर किलोचा हिशेब ठेवावा लागतो तो उडणाऱ्या वस्तूला. ज्या दिवशी संशोधक लिहितो की एक्स-बँडमध्ये, २ मिलिमीटरच्या आत, कमीत कमी वजनाचा शोषक मिळवणे हे या कामाचे उद्दिष्ट आहे, त्या दिवशी त्याने हेतू निवडलेला असतो. ओळ लिहिताना तो त्याच्या मनात आला नसला, तरीही.

यावर पहिला आक्षेप प्रयोगशाळेतूनच येईल, आणि तो खरा आहे. एक्स-बँड आम्ही निवडला नाही, तो आम्हाला मिळाला. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात क्लायस्ट्रॉनचा, म्हणजे लहरी निर्माण करणाऱ्या नळीचा, जो संच पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो तो याच पट्ट्याचा. वेव्हगाइडची ती २२.८६ आणि १०.१६ मिलिमीटरची मापे याच पट्ट्याची. जे यंत्र आहे त्यावर काम करायचे, दुसरे घ्यायला पैसे कुठून आणायचे? या आक्षेपाचे मोल मी कमी करत नाही. उलट त्यातून एक गंभीर गोष्ट बाहेर येते. सेंटिमीटर लहरींचे हे सारे तंत्र दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी वाढले, आणि शोषकांची वाढही त्याच युद्धातली. जर्मन पाणबुड्यांच्या हवा घेण्याच्या नळ्या दोस्तांच्या रडारवर दिसू लागल्या तेव्हा त्यांवर लोहाची भुकटी घातलेल्या रबराचे लेप बसवले गेले. फेराइट मात्र त्याआधीचे आणि शांततेतले: १९३० साली टोकियोत काटो आणि ताकेई यांनी ते शोधले. म्हणजे भुकटी एका वंशाची आणि तिला लावलेली मोजपट्टी दुसऱ्या वंशाची. युद्धाने ठरवलेला प्रश्न यंत्राच्या मापांतून शांततेतल्या प्रयोगशाळेत आला आणि तिथला नेहमीचा प्रश्न होऊन बसला. हेतू आपण निवडला नाही, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की न निवडलेला हेतू आपल्या हातून पुढे चालवला जातो. वारशाने आलेले कर्ज न पाहता फेडत राहणे ही निर्दोषता नव्हे.

दुसरा आक्षेप धर्माच्या भाषेत येतो आणि म्हणून तो अधिक आदराने ऐकला जातो. आपले काम कर्म करण्याचे, फळ आपल्या हाती नाही. शोधनिबंध लिहून प्रसिद्ध केला, पुढचे पुढे. गीतेचा हा अर्थ मला गीतेवर अन्याय करणारा वाटतो. ज्याला निष्काम कर्म सांगितले तो अर्जुन उपदेशाआधी काय करतो? रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध न्यायला सांगतो, कारण कोणाशी लढायचे आहे ते त्याला पाहायचे आहे. आजा, गुरू, भाऊ, मित्र, सारे पाहून झाल्यावर त्याचे धनुष्य गळते आणि मग संवाद सुरू होतो. फळाची आसक्ती सोडण्याचा उपदेश ज्याने परिणाम डोळे भरून पाहिला आहे त्याला केला आहे. न पाहणाऱ्याबद्दल गीतेचे मत वेगळे आहे, आणि ते अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे: पुढे काय ओढवेल, नाश किती, हिंसा किती, आपली कुवत किती, याचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस होय. निष्काम आणि बेफिकीर यांच्यामधली भिंत गीतेने स्वतः बांधली आहे. फळावर हक्क न सांगणे म्हणजे फळाची चौकशी न करणे, असे समीकरण तिथे कुठेही नाही.

याच भागातल्या एका संतकथेने ही बाजू गीतेपेक्षाही थेट मांडली आहे. १९८२ साली वेगळा जिल्हा होईपर्यंत लातूर ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्यातले तेर हे सातवाहनकाळात भरभराटीला आलेले गाव. पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती तिथे उत्खननात सापडल्या. मातीकामाची एवढी जुनी परंपरा असलेल्या त्या गावातच गोरोबा कुंभार झाले. कथा सर्वांना ठाऊक आहे: बायको पाण्याला गेली, लेकरू अंगणात, गोरोबा विठ्ठलाच्या नामात रंगून माती तुडवत होते, आणि रांगत आलेले लेकरू पायाखाली तुडवले गेले. भक्तांनी ही कथा तल्लीनतेची थोरवी म्हणून सांगितली, आणि शेवटी विठ्ठलाच्या कृपेने लेकरू परत मिळते. तरीही कथेने एक गोष्ट वगळली नाही, आणि तिच्यासाठी मला ही कथा फार मोलाची वाटते. आई परत येते, लाल झालेली माती पाहते आणि आक्रोश करते. तिचा आक्रोश चुकीचा आहे असे परंपरेने कधी म्हटले नाही. मग्नता पवित्र असेल, ती खऱ्या भक्तीची असेल, तरी पायाखाली काय येते हा प्रश्न तिने मिटत नाही. तो विचारायला कोणीतरी बाहेरून यावे लागते. संशोधकाची मग्नताही आदरणीय आहे. रात्र रात्र भट्टीशी बसणाऱ्या, एका टक्क्याच्या मिश्रणासाठी महिने घालवणाऱ्या माणसाविषयी मला मनापासून आदर आहे. पण चमत्काराचे आश्वासन त्याला कोणी दिलेले नाही.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो, सर्वांत वजनदार. शस्त्र म्हणजे पाप, असे गृहीत का धरायचे? नांदेडमध्ये तर हे विचारायलाच हवे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी याच गावी देह ठेवला. त्याआधी तीन वर्षे औरंगजेबाला लिहिलेल्या जफरनाम्यात त्यांनी सांगितले होते की सारे उपाय थकल्यावर तलवारीला हात घालणे धर्म्य आहे. विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते रामानंद तीर्थ गांधीविचाराचे संन्यासी. तरी त्यांच्या नेतृत्वाखालचा हैदराबाद संस्थानातला लढा १९३८ च्या सत्याग्रहापासून निघून १९४७-४८ मध्ये सरहद्दीवरच्या सशस्त्र छावण्यांपर्यंत गेला. रझाकारांचे अत्याचार सोसलेल्या या प्रदेशाला अहिंसेचे पोकळ धडे देण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हिंसेची गरज आणि हिंसेची इच्छा यांत फरक केला आहे. बुद्धाने निषेध केला तो इच्छेचा, असे त्यांचे प्रतिपादन. हे सारे मला मान्य आहे. म्हणूनच रडारपासून लपवणाऱ्या पदार्थावर काम करू नये असा माझा निष्कर्ष नाही. पण या तिन्ही ठिकाणी समान असे काही आहे ते पाहा. उपाय थकले की नाही, गरज आहे की नाही, हे तिथे कोणीतरी तपासले आहे, आणि तो निर्णय आपल्या नावावर घेतला आहे. शस्त्राचे समर्थन हे जाणून केलेल्या कृतीचे समर्थन असते. ज्याला आपण शस्त्राचा भाग घडवतो आहोत हेच ठाऊक नाही, त्याला ते लागू होत नाही. बौद्ध परंपरेने उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे, हेही इथे विसरता येत नाही. प्रश्न तिथे वापरणाऱ्यापाशी थांबवलेला नाही, तो पुरवणाऱ्यापर्यंत नेला आहे.

शिवाय हा पदार्थ तलवारीसारखा नाही. तलवार समोरच्याला दिसते. शोषक लेपाचे सारे काम न दिसण्याचे आहे, आणि लपून केलेल्या वाराबद्दल आपल्या परंपरेचे मन कधीच स्वस्थ नव्हते. रामाने झाडांच्या आडून वालीला बाण मारला. वाल्मीकींनी मरणाऱ्या वालीच्या तोंडी प्रश्नांची अशी रास घातली की रामाच्या उत्तरानंतरही ती शतकानुशतके चर्चेत राहिली. आजच्या काळात याचा एक तांत्रिक पुरावा आहे. रडारला न दिसणारी विमाने शांततेच्या काळात उडतात तेव्हा त्यांच्या अंगावर लहरी मुद्दाम परत फेकणारी भिंगे बसवलेली असतात, जेणेकरून विमानतळाच्या नियंत्रकांना आणि इतरांना ती दिसावीत. दिसणे ही एकत्र राहण्याची अट आहे. न दिसण्याची सोय ती अट काढून घेते. युद्धात ती काढावी लागेल, पण ते साधे पाऊल नव्हे, आणि त्याच्या मागे असलेल्या भुकटीचे गणित करणाऱ्याला ते ठाऊक असले पाहिजे.

देशाच्या संरक्षणासाठी हे चालले आहे, असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट विचारावी लागेल. अंबरनाथला नौदलासाठी पदार्थ घडवणारी प्रयोगशाळा आहे. तिथे केलेले काम देशाच्या ताब्यात राहते, त्याची जबाबदारी कोणाची हेही ठरलेले असते. महाविद्यालयातला शोधनिबंध मात्र जगभर उघडा असतो. मिश्रणाचे प्रमाण, भाजण्याचे तापमान, थराची जाडी, सारे मित्राला जितके मिळते तितकेच शत्रूला. उघड्या ज्ञानाचा मी कट्टर पुरस्कर्ता आहे, म्हणून तर राष्ट्ररक्षणाचे समर्थन इथे टिकत नाही असे म्हणतो. मग राहतो तो शेवटचा आक्षेप: तालुक्याच्या गावातली ही भुकटी कधी कोणत्या विमानाला लागणार? जबाबदारी अशी मागे मागे नेली तर खाणीतून लोखंड काढणाराही दोषी ठरेल. ठरणार नाही, कारण जबाबदारीला मोजमाप आहे. वस्तूच्या शक्य उपयोगांचे वर्तुळ जितके आकसते तितकी ती वाढते. लोखंडाचे वर्तुळ अफाट आहे, निकेल-जस्त फेराइटचे मोठे आहे, पण दहा गिगाहर्ट्झला, दोन मिलिमीटरला आणि कमी वजनाला बसवलेल्या मिश्रणाचे फार लहान. आणि भुकटी विमानापर्यंत पोचली नाही तरी माणूस पोचतो. प्रश्न न विचारता पदवी मिळवण्याची सवय लागलेला विद्यार्थी पुढे जिथे जाईल तिथे ती सवय नेईल.

करण्यासारखे मात्र बरेच आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची कुजबुज ऐकतात, आणि त्यांच्याभोवतीचा माणसांचा गोंगाट वर्षागणिक वाढतो आहे. रुग्णालयांतली उपकरणे एकमेकांच्या लहरींनी चळतात. असा गोंगाट मोजणाऱ्या कमी वारंवारतेच्या चाचणीखोल्यांसाठी स्वस्त देशी फरश्या घडवणे हे या भागातल्या प्रयोगशाळांच्या आवाक्यातले, हलकेपणाची अट नसलेले काम आहे. ज्यांना संरक्षणाचेच काम करायचे असेल त्यांनी ते तसे म्हणून करावे. मागणी एवढीच की ते उघड लिहावे. माणसांवर आणि प्राण्यांवर प्रयोग करायचे तर नीतिसमितीची परवानगी लागते. पदार्थविज्ञानाच्या प्रबंधाला असे काही विचारणारे कोणी नाही. विषय नोंदवताना संशोधन समितीसमोर जो आराखडा ठेवतात त्यात एक पान वाढवावे: हाच पट्टा का, हीच जाडी का, वजन कमी कशासाठी, आणि सूत्रातला तो धातूचा पत्रा आमच्या मते कशाचा आहे. प्रयोगशाळेत दुसरे यंत्र नाही, हे उत्तर असेल तर तेही लिहावे. निदान पुढचे यंत्र घेताना कोणता पट्टा मागायचा याची चर्चा त्या पानावरून सुरू करता येईल.